मखरातली वेल हिरवी ठेवायची तर

आदल्या रात्री मखराभोवती फिरवलेला मनीप्लांट झकास दिसतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीपर्यंत त्याची पानं कडेने आत वळायला लागतात, शेंडे माना टाकतात आणि घरातलं कुणीतरी फवाऱ्याची बाटली शोधायला धावतं. फवाऱ्याने पान वरून ओलं होतं, पण देठातून पाणी चढत नसेल तर तासाभरात परत तीच गत. वेल किती टिकणार हे ती मखरावर चढण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. कापल्यानंतरची पहिली दहा मिनिटं आणि आदली रात्र सांभाळली की पुढचं काम सोपं.

कारण वेलीच्या खोडातच आहे. दुसऱ्याच्या आधाराने चढायचं असल्याने वेल जाड लाकूड बनवत बसत नाही. खोड बारीक ठेवते आणि पानं भरपूर काढते. एवढ्या बारीक खोडातून इतक्या पानांना पाणी पोचवायचं म्हणून तिच्या जलवाहिन्या झाडाच्या फांदीतल्या वाहिन्यांपेक्षा रुंद आणि लांब असतात. या वाहिन्यांतलं पाणी वरून पानं ओढत असल्याने ताणलेलं असतं. कात्री लागली की तो ताण सुटतो, पाणी झटकन आत जातं आणि मागोमाग हवा शिरते. शेवंतीचा देठ पुन्हा दोन सेंटिमीटर कापला की बहुतेकदा काम भागतं, वेलीत हवा त्याच्या कितीतरी आत गेलेली असते. अशी वेल बादलीत उभी असूनही तहानलेली राहते, आणि आपण म्हणतो, पाण्यात ठेवली होती तरी सुकली.

दीड दिवसाचा गणपती की दहा दिवसांचा

आधी हे ठरवा, मग वेल निवडा.

दहा दिवसांसाठी डोळे मिटून मनीप्लांट घ्यावा. देठ पाण्यात असला तर तो दहा दिवस राहतोच, वर गाठीतून मुळं फोडायला लागतो. विसर्जनानंतर कुंडीत लावता येतो. इंग्लिश आयव्ही मिळाली तर तीही आठवडाभर काढते. गुळवेलीचं मांसल खोड तर कापलेलं असूनही बरेच दिवस जिवंत राहतं, म्हणून मखराची कमान बांधायला तिची जून खोडं घ्यावीत आणि पानांची शोभा दुसऱ्या वेलीची ठेवावी. बाजारात अस्पॅरॅगस म्हणून मिळणारी शतावरीच्या कुळातली पिसासारखी वेल चार-पाच दिवस छान राहते. पाणी तुटलं की मात्र तिच्या बारीक हिरव्या सुया झडतात आणि चौरंगावर हिरवा भुसा पडतो.

विड्याच्या पानांची नागवेल पाण्यात तीन-चार दिवस तरते. मधुमालतीची फुलं पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होतात. एका झुबक्यात तिन्ही रंग असतील असा झुबका घ्या, पण तो दीड-दोन दिवसांचाच पाहुणा समजा. कृष्णकमळ आणि गोकर्णाचं फूल एका दिवसाचं. गणेशवेल नावाने गणपतीची असली तरी सजावटीला सगळ्यात अवघड: पान केसासारखं बारीक, खोड दोऱ्याएवढं, फूल सकाळी उमलून दुपारी मिटणारं. ती लावायचीच असेल तर पूजेच्या तासभर आधी, पाण्याच्या बाटलीसकट.

गौरीसाठी कोकणात आणि घाटावर काही ठिकाणी कळलावी आणतात. लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं, पानाच्या टोकाला वळलेला तणावा, पावसाळ्यात सगळीकडे बहरलेली. पाण्यात फूल चार-पाच दिवस टिकतं. पण ही वनस्पती सगळीच्या सगळी विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. कापताना हातमोजे घाला, नैवेद्याच्या ताटाजवळ तिचं पानही येऊ देऊ नका, लहान मुलांच्या हाताला लागेल इतकी खाली बांधू नका, आणि ज्या पाण्यात ठेवली ते पाणी लगेच मोरीत ओता. मनीप्लांट इतका घातक नाही, तरी पान चावलं तर तोंडाची आग होते. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर शेंडे वर वळवा.

कापणी

सकाळी साडेपाच ते साडेसात ही उत्तम वेळ. रात्रभर पानांतून पाणी फारसं उडालेलं नसतं, वेल आतून भरलेली असते. भाद्रपदातल्या पावसात पानं चिंब असली तरी हरकत नाही, फक्त कापल्यावर झटकून घ्या. ओल्या पानांचा ढीग पिशवीत कोंबला तर दुसऱ्या दिवशी पानांवर काळपट बुळबुळीत डाग येतात.

सोबत बादली न्यायचीच. तीत वीतभर पाणी असावं. अंगणात कापून मग घरात येऊन पाण्यात ठेवू, हा विचार मोडून काढा. हत्यार म्हणजे धारदार सिकेटर (झाडं छाटायची कात्री) किंवा सुरी. स्वयंपाकघरातली बोथट कात्री खोड चिरडते आणि चिरडलेल्या वाहिन्यांतून पाणी चढत नाही. पाती आधी स्पिरिटने पुसा.

जून भाग घ्या. ज्या पानांचा हिरवा रंग गडद झाला आहे, बोटांत धरलं तर जे पान कागदासारखं ताठ लागतं, ते टिकतं. टोकाचा पोपटी, लुसलुशीत शेंडा बघायला गोड असतो, पण तोच सर्वांत आधी मान टाकतो, कारण त्याच्या पेशींना अजून बळकटी आलेली नसते. टोकाचा १५ सेंटिमीटर भाग बिनदिक्कत खुडून टाका. लागणाऱ्या लांबीपेक्षा २५ ते ३० सेंटिमीटर जास्त कापा. पुढे पुन्हा कापताना ती लांबी खर्ची पडणार आहे.

बाजारातून घेत असाल तर जुडी उलटी करून देठ बघा. दादरच्या फुलबाजारात काय किंवा पुण्याच्या गुलटेकडीला काय, पानांच्या जुड्यांवर सतत पाणी मारलेलं असतं, त्यामुळे वरून सगळ्याच टवटवीत दिसतात. देठाचं टोक तपकिरी, आत बसलेलं, सुरकुतलेलं असेल तर माल काल-परवाचा. टोक हिरवं आणि कापावर ओलसर असेल तर घ्या. जुडी मधोमध दाबून बघा. आत गरम लागली तर पानं घुसमटायला लागली आहेत, सोडून द्या.

आदल्या रात्रीचं पाणी

घरी आल्यावर एक पसरट टब पाण्याने भरा. वेलीचं बुडखं पाण्याखाली धरूनच पुन्हा कापा, १० ते १५ सेंटिमीटर. काप तिरका हवा. सरळ कापलं तर देठ बादलीच्या तळाला चिकटून बसतो आणि तोंड बंद होतं. पाण्याखालीच कापण्याचं कारण असं की नव्या कापावाटे हवेऐवजी पाणी आत जातं. कापताना टोकाशी एखादा बारीक बुडबुडा सुटलेला दिसला तर तिथून अजून पाच सेंटिमीटर वर या.

मग ही वेल कोमट पाण्याच्या बादलीत. हात घातल्यावर बरं वाटेल इतकं कोमट, ३८-४० अंश. कोमट पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते चढतंही लवकर. पाण्यात बुडणारी पानं सगळी काढा, एकही ठेवू नका. बुडालेलं पान कुजतं आणि त्यावर वाढलेले जिवाणू देठाची तोंडं चिकट थराने बुजवतात. मनीप्लांट, गुळवेल, आयव्ही यांना १५ सेंटिमीटर खोल पाणी चालतं, गोकर्ण-कृष्णकमळासारख्या मऊ देठांना ५ ते ७ पुरे.

जिवाणू रोखायला घरगुती ब्लीच, म्हणजे ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, एका लिटरला १ मिलिलिटर. ड्रॉपरने साधारण २० थेंब. जास्त घातलं तर देठ पांढरा पडून मऊ होतो. ब्लीच नको असेल तर लिटरला अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस; आम्लधर्मी पाणी देठातून सहज चढतं आणि त्यात जिवाणूही हळू वाढतात. दोनांपैकी एकच घ्या. ब्लीच आणि लिंबू एकत्र केले की क्लोरीन वायू सुटतो. साखर फुलांच्या कळ्या उमलायला उपयोगी. नुसत्या पानांच्या वेलीला साखर घातली तर फक्त जिवाणूंचं पोट भरतं. तांब्याचं नाणं, ॲस्पिरिनची गोळी हे घरोघरीचे उपाय करून कुणाचं नुकसान होत नाही, पण त्यांच्या भरवशावर पाणी बदलायचं टाळू नका. बोअरचं पाणी क्षारांनी जड असेल तर नळाचं किंवा पावसाचं गाळलेलं वापरा.

बादली अंधाऱ्या, गार जागी रात्रभर. न्हाणीघर उत्तम. अंधारात पानांवरची रंध्रं मिटतात, पाणी उडायचं थांबतं आणि देठातून चढलेलं पाणी वेलीतच साठतं. किमान सहा तास, जमल्यास दहा.

फ्रिजचा मोह टाळा. मनीप्लांट, नागवेल या उष्ण प्रदेशातल्या वेली. घरच्या फ्रिजमधल्या ४-५ अंशांत त्यांची पानं आधी काचेसारखी पाणचट होतात आणि बाहेर काढल्यावर काळी पडतात. पानाचे व्यापारी विड्याची पानं ओल्या कापडात, टोपलीत ठेवतात आणि रोज फेरून खराब पान वेगळं काढतात, ते उगाच नाही.

गुळगुळीत पानांच्या वेलींना एक जास्तीचा लाभ देता येतो: रात्री बादलीत ठेवण्याआधी अख्खी वेल टबात अर्धा तास बुडवून ठेवायची. मनीप्लांट, आयव्ही, नागवेल यांची पानंही थोडं पाणी शोषतात, धूळ आणि किडे निघून जातात. तासाच्या वर नको. लवदार पानाची वेल आणि फुलं असलेली वेल बुडवू नका.

चिकाच्या वेली

अलमांडा, गारवेल, गणेशवेल यांना कापलं की पांढरा चीक येतो. हा चीक कापावर सुकून बूच बसवतो. म्हणून यांची रीत वेगळी. पानं वर्तमानपत्रात गुंडाळा, म्हणजे वाफ लागणार नाही. देठाची शेवटची २-३ सेंटिमीटर उकळत्या पाण्यात २० ते ३० सेकंद धरा, नंतर लगेच गार पाण्यात. पाणी उकळायची सोय नसेल तर गॅसच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर टोक पाच-सात सेकंद. टोक काळं पडलं पाहिजे, देठ भाजला जाऊ नये. यानंतर देठ पुन्हा कापायचा नाही. कापावाच लागला तर सगळं पहिल्यापासून. अलमांडाचा चीक हाताला खाजतो, डोळ्याला हात लावण्याआधी साबणाने धुवा.

मखरावर चढवताना

सर्वांत मोठी चूक म्हणजे तीन मीटरची एकच लांब वेल कमानीवरून सोडणे. पाणी एका टोकाला, तहान दुसऱ्या टोकाला. त्यापेक्षा ६० ते ९० सेंटिमीटरचे तुकडे करा, प्रत्येकाला स्वतःचं पाणी द्या आणि एकाचा शेंडा पुढच्याच्या बुडख्यावर येईल असे कौलांसारखे रचत जा. बाटल्या आपोआप झाकल्या जातात, आणि एखादा तुकडा पिवळा पडला तर तेवढाच बदलता येतो.

पाणी कशात द्यायचं? फुलवाल्यांकडे रबरी टोपीच्या वॉटर ट्यूब मिळतात. घरात होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या दोन ड्रॅमच्या रिकाम्या बाटल्या असतील तर त्याही चालतात. साधारण ७ मिलिलिटर पाणी मावतं. तोंडाला कापसाचा बोळा लावून वर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे. तेही नसेल तर छोटा फुगा: चमचाभर पाणी, त्यात देठ, वर रबरबँड. देठ पाण्यात किमान ३ सेंटिमीटर बुडालेला हवा. ट्यूब तिरपी बांधली तरी चालते, पण तोंड खाली नको. वेल खाली लोंबायची असेल तर बाटलीचं तोंड वरच ठेवून देठाला कमानीसारखं वळण द्या. पाण्याने तट्ट भरलेला देठ वळवताना कचकन मोडतो, म्हणून वळवायच्या तुकड्यांना बांधण्याआधी अर्धा तास बादलीबाहेर पडू द्या. किंचित नरमले की हवं तसं वळतात.

दीड दिवसाच्या गणपतीला केळीच्या खांबासारखी सोय नाही. सोपटांत पाणी भरलेलं असतं. आधी लोखंडी सळई किंवा स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा आणि मग देठ ४-५ सेंटिमीटर आत सरकवा. बारीक देठ थेट खुपसला तर आत दुमडतो. खांबाच्या कापलेल्या टोकांना ओलं फडकं गुंडाळा. तिसऱ्या दिवसापासून खांब आतून सडतो, वास येतो, म्हणून लांबच्या मुक्कामाला नको. आणि त्याच्या चिकाचा डाग सोवळ्याला लागला की जन्मभर राहतो.

हिरवा फोम, ज्याला डेकोरेटर सरसकट ओएसिस म्हणतात, तो वेलींसाठी आम्हाला पटत नाही. बारीक देठ त्यात शिरताना मोडतो, एकदा घातलेला देठ बाहेर काढून परत खोचला तर मागे हवेची पोकळी राहते, आणि उत्सव संपल्यावर न कुजणारा तो चुरा निर्माल्यात जातो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून पानाफुलांच्या मखरांची वाट पुन्हा रुळली. तिथे फोम आणणं म्हणजे दारातून घालवलेलं खिडकीतून घेणं. तरीही वापरणारच असाल तर फोम पाण्यावर नुसता तरंगत सोडा आणि आपोआप बुडू द्या. हाताने दाबला तर आतला गाभा कोरडा राहतो.

वेल तारेने आवळू नका. तारेचा फास म्हणजे देठाचा गळा. मऊ सुतळी किंवा हिरवी टेप, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल: एक वेढा मखराच्या काठीला, एक वेलीला. पानांच्या तोंडाकडेही लक्ष द्या. वेलीची पानं उजेडाकडे वळलेली असतात. उलट्या अंगाने बांधली तर पाठ दिसते, आणि मनीप्लांट पुढच्या एक-दोन दिवसांत पानं फिरवून सगळी मांडणी बदलून टाकतो. बांधतानाच पानांचा चकचकीत पृष्ठभाग समोर घ्या.

आता ऊन, वारा, धग. हॅलोजनचा फोकस तासाभरात जवळची पानं भाजून काढतो, एलईडी लावा. समई आणि निरांजनापासून दोन वीत तरी अंतर. पंख्याचा झोत थेट वेलीवर येत असेल तर पंखा बंद ठेवण्याऐवजी मखराची बाजू बदला, कारण पाहुणे आले की पंखा लागणारच. कोकणातल्या दमट हवेत वेल एक दिवस जास्त काढते. पुणे-सोलापूरकडे पावसाने ओढ दिली की तीच वेल दुप्पट वेगाने पाणी संपवते. दिवाळीत, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, हीच सजावट करायची झाली तर ट्यूब दिवसातून दोनदा भराव्या लागतील हे गृहीत धरा.

फळांचं ताट वेलीखाली नको. पिकती केळी आणि सफरचंदं इथिलीन वायू सोडतात. त्याने बोगनवेलीची पाकळ्यांसारखी रंगीत पानं आणि जाईच्या कळ्या टपटप गळतात. माटोळीत, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या चौकटीत, जिथे फळं आणि रानवेली एकत्रच टांगायच्या, तिथे कच्ची फळं घ्यावीत आणि खिडकी किलकिली ठेवावी.

रोजचं काम

सकाळच्या पूजेआधी सुई काढलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने प्रत्येक बाटली भरा. तोंड बोळ्याने बंद असेल तर थेंब थेंब बोळ्यावर सोडा, तो पाणी आत नेतो. तिसऱ्या दिवशी बाटल्यांतलं जुनं पाणी ओतून नवीन. देठाचं टोक बोटांनी चोळून बघा; बुळबुळीत लागलं तर ते धुवून दोन सेंटिमीटर पाण्याखाली कापा.

फवारा मारायचाच असेल तर मूर्ती बसवण्याआधी. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. पाण्याचे थेंब पडले की रंगावर डाग उठतात, नंतर ते पुसताही येत नाहीत. मूर्ती बसल्यावर पानं ओल्या मऊ फडक्याने एकेक पुसा. वेलीत विजेच्या माळा गुंफल्या असतील तर आधी प्लग काढा.

खालचं एखादं पान पिवळं पडलं तर खुडा, काळजी नको. पाच-सहा पानं एकदम पिवळी झाली किंवा देठाजवळून वास आला तर तुकडाच बदला. त्यासाठी पहिल्या दिवशीच चार-पाच तुकडे जास्त तयार करून न्हाणीघरातल्या बादलीत राखीव ठेवा.

मान टाकलेली वेल

पान मऊ पडलं आहे पण कुरकुरीत झालेलं नाही, तोवर आशा आहे. तुकडा उतरवा, वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा, म्हणजे देठ ताठ होताना वाकडा राहणार नाही. बुडखं पाण्याखाली १० सेंटिमीटर कापा. उकळून दोन मिनिटं बाजूला ठेवलेल्या पाण्यात टोक ३० सेकंद धरा. या गरम पाण्याने वाहिन्यांत अडकलेली हवा निघायला मदत होते. लगेच गार पाण्याच्या खोल बादलीत, कागदासकट, अंधारात दोन तास. मनीप्लांट आणि नागवेल बहुतेक वेळा उठून बसतात. गोकर्ण निम्म्या वेळा. गणेशवेलीसाठी गॅस पेटवू नका.

विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य कलशात टाकण्याआधी टेप, सुतळी, फुगे आणि बाटल्या मोजून काढून घ्या. मुळं फुटलेले मनीप्लांटचे तुकडे त्याच संध्याकाळी, दोन गाठी मातीत जातील असे, कुंडीत खोचा.